प्रतिकारशक्ती कमी की जास्त, हा प्रश्नच चुकीचा

पावसाळा तोंडावर आला की अलिबागच्या बाजारात औषधांच्या दुकानांची दर्शनी फळी बदलते. काढ्यांच्या बाटल्या पुढे येतात, झिंक आणि व्हिटॅमिन सीच्या गोळ्या गल्ल्याशेजारी बसतात, च्यवनप्राशाला उन्हाळ्यात नसलेला मान मिळतो. कार्लेखिंडीच्या आसपास रस्त्याकडेला टांगलेल्या पांढऱ्या कांद्याच्या माळांचंही अलीकडे याच एका गुणासाठी कौतुक होतं. कांदा चवीला गोडसर आहे, डोळ्यांत पाणी आणत नाही, त्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. एवढं पुरे होतं, पण नाही, त्याने प्रतिकारशक्तीही वाढवली पाहिजे.

या सगळ्यामागची समजूत साधी आहे. प्रतिकारशक्ती काहींकडे कमी असते, काहींकडे जास्त. कमी असलेला आजारी पडतो, जास्त असलेला पडत नाही. तेव्हा ती जमेल तेवढी वाढवावी. करोनाच्या दोन वर्षांत ही समजूत घरोघरी पक्की झाली, शिकल्यासवरलेल्यांच्या घरी जरा जास्तच. माझ्या मते ती उथळ आहे आणि निरुपद्रवीही नाही. शरीराच्या प्रतिकारयंत्रणेचं काम म्हणजे परकं ओळखणं, नेमक्या जागी हल्ला करणं आणि काम झालं की थांबणं. यातलं एक जरी बिघडलं तरी माणूस आजारी पडतो, आणि अशा कित्येक आजारांवरचा उपचार ही यंत्रणा वाढवण्याचा नसून आवरण्याचा असतो. हे पटवून घ्यायला फार लांब जायला नको. आपल्या रायगड जिल्ह्यात, आणि बंदर ओलांडून पलीकडे परळ-वरळीत, गेल्या सत्तर वर्षांत झालेलं कामच त्याला पुरेसं आहे.

१. जंतू एक, आजार माणसागणिक वेगळा

कुष्ठरोगापासून सुरुवात करतो. ज्याला जुन्या लोकांनी महारोग, रक्तपिती म्हणून वाळीत टाकलं, त्या आजाराने प्रतिकारयंत्रणेबद्दल जितकं शिकवलं तितकं क्वचितच दुसऱ्या कुठल्या आजाराने शिकवलं असेल.

नॉर्वेच्या हान्सेनने १८७३ साली याचा जंतू दाखवून दिला. जंतू अगदी मंद, एकाचे दोन व्हायलाच त्याला जवळपास दोन आठवडे लागतात. घटसर्पाचा किंवा धनुर्वाताचा जंतू विष सोडतो, तसं हा काही सोडत नाही. बहुतेकांच्या शरीरात तो शिरतो आणि काहीही न होता संपतो. उरलेल्या थोड्यांना आजार होतो, पण सगळ्यांना सारखा होत नाही. एका टोकाला असतो एखादा फिकट, बधीर चट्टा. त्याचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर टी पेशींचा, म्हणजे प्रतिकारयंत्रणेच्या हल्लेखोर पेशींचा, गराडा दिसतो आणि जंतू शोधून सापडत नाहीत. दुसऱ्या टोकाच्या रुग्णाच्या कानाच्या पाळ्या जाड झालेल्या असतात, भुवया गळलेल्या, अंगावर गाठी. त्याच्या त्वचेतल्या मॅक्रोफेज पेशी, म्हणजे जंतू गिळून पचवणं हेच ज्यांचं काम त्या पेशी, जंतूंनी गच्च भरलेल्या असतात. त्या गिळतात, पण पचवत नाहीत. रिडले आणि जॉपलिंग यांनी १९६६ साली या दोन टोकांमध्ये पायऱ्या पाडून दिल्या. ती वर्गवारी आजही वापरतात.

जंतू तोच असताना आजार बदलला, याचा अर्थ आजाराचं रूप जंतूने ठरवलं नाही. ते रुग्णाच्या पेशींनी ठरवलं.

‘बरोबर आहे, पहिल्याची प्रतिकारशक्ती जास्त, दुसऱ्याची कमी,’ असं कोणी म्हणेल. पण समजूत नेमकी इथेच कोसळते. गाठींच्या रुग्णाची प्रतिकारशक्ती सरसकट कमी नसते. इतर जंतूंशी तो तुमच्या-माझ्यासारखाच झगडतो. त्याच्या टी पेशी मुख्यतः या एका जंतूपुढे गप्प बसलेल्या असतात. शिवाय त्याच्या रक्तात याच जंतूविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे जंतूला चिकटणारी प्रथिनं, भरपूर असतात, चट्टेवाल्याच्या रक्तात असतात त्याहून कितीतरी जास्त. पण जंतू पेशीच्या आत बसलेला आणि प्रतिपिंडं बाहेर फिरणारी, त्यामुळे त्यांचा उपयोग होत नाही. आता या माणसाची प्रतिकारशक्ती कमी म्हणायची की जास्त? टी पेशींकडे पाहिलं तर कमी, प्रतिपिंडांकडे पाहिलं तर जास्त, आणि दोन्ही उत्तरांनी रुग्णाचं काहीच कळत नाही.

२. बोटं वाकडी कोण करतं?

कुष्ठरोगाची भीती बसली ती वाकड्या बोटांमुळे आणि झडलेल्या हातापायांमुळे. जंतू मांस खातो, असाच लोकांचा समज होता, अजूनही पुष्कळांचा आहे. खरी गोष्ट अशी की या जंतूला मज्जातंतूंचं आवरण करणाऱ्या श्वान पेशींमध्ये राहायला आवडतं. तिथे तो वर्षानुवर्षं निवांत पडून असतो. नुकसान सुरू होतं ते टी पेशींना त्याचा सुगावा लागल्यावर. त्या धावून येतात, सूज आणतात. पण नस एका घट्ट आवरणात असते, तिला फुगायला जागा नसते. पावसात फुगलेलं दार चौकटीत आवळून बसावं, तशी ती आपल्याच आवरणात आवळली जाते. रक्तपुरवठा तुटतो, तंतू मरतात. कोपरामागून जाणारी नस गेली की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळतं. संवेदना गेलेली असते, म्हणून चुलीचा चटका कळत नाही, पायात घुसलेला काटा कळत नाही. जखम चिघळते आणि बोट जातं. ज्याच्या चट्ट्यात जंतू सापडतही नाही, त्याचीही नस अशी मरू शकते.

याच आजारात डॉक्टर ज्याला ‘रिअॅक्शन’ म्हणतात तो प्रकार पाहा. रुग्ण औषधाची पाकिटं नियमित घेतो आहे, जंतू मरत आहेत, आणि अचानक चट्टे लालबुंद होतात, नस ठणकू लागते, दोन दिवसांत मनगट लुळं पडतं. रुग्णाला वाटतं औषध बाधलं, तो गोळ्या सोडून देतो. घडलेलं असतं ते वेगळंच. आजवर गप्प असलेल्या टी पेशी जाग्या झालेल्या असतात. लोकांच्या भाषेत सांगायचं तर त्याची प्रतिकारशक्ती वाढलेली असते, आणि त्या वाढीमुळेच त्याचा हात जाण्याच्या बेतात असतो. यावर प्रेडनिसोलोन देतात, म्हणजे प्रतिकाराला लगाम घालणारं स्टेरॉईड, आणि तेही आठवडेच्या आठवडे, हळूहळू कमी करत. जंतू मारणारी औषधं बंद करायची नसतात. एका हाताने जंतू मारायचा आणि दुसऱ्या हाताने आपल्याच पेशी आवरायच्या. अशा रुग्णाला कोणी प्रेमापोटी प्रतिकारशक्तीचा काढा आणून देऊ लागला तर त्याचं काय करावं, हे वाचकांनीच ठरवावं.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातले प्लास्टिक सर्जन नोशीर अंटिया यांनी अशी वाकडी बोटं शस्त्रक्रियेने सरळ करण्यात बरीच वर्षं घालवली. बोट सरळ करता येतं, मेलेली नस जिवंत करता येत नाही, ही अडचण त्यांना प्रयोगशाळेकडे घेऊन गेली. वरळीला त्यांनी उभ्या केलेल्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चमध्ये कुष्ठरोग्यांच्या मॅक्रोफेज पेशींवर आणि श्वान पेशींवर काम झालं. बाहेरून आलेल्या जंतूपेक्षा आतल्या पेशींची वागणूक महत्त्वाची, हे हातावर शस्त्रक्रिया करणाऱ्या माणसाला उमगावं यात नवल नाही. परिणाम रोज त्याच्याच टेबलावर येत होता.

३. थांबवणं हेही पेशींचंच काम

प्रतिकारयंत्रणेच्या पेशींचा अभ्यास समुद्रकाठीच सुरू झाला. १८८२ साली सिसिलीतल्या मेसिना बंदरात मेचनिकोव्हने तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला आणि काट्याभोवती पेशी गोळा होताना पाहिल्या. प्लेगची लस तयार करून १८९७ च्या जानेवारीत मुंबईत आधी स्वतःला टोचून घेणारा हाफकिन हा त्याचाच शिष्य. मेचनिकोव्हचा प्रतिस्पर्धी एरलिश पेशींपेक्षा रक्तातल्या प्रतिपिंडांवर भिस्त ठेवणारा होता. १९०८ चं नोबेल दोघांत वाटून देण्यात आलं. शरीर स्वतःवरच उलटणं हे निसर्गाला इतकं अमान्य असावं की ते टाळण्याची काही सोय नक्की असणार, असं एरलिशचं मत होतं. पुढच्यांनी त्याचा अर्थ सोयीने लावला, की असे आजार होतच नाहीत. स्वतःवर उलटणाऱ्या प्रतिकाराचे आजार त्यामुळे पुढे काही दशकं कोणी फारसे मनावर घेतले नाहीत.

एरलिशला अभिप्रेत असलेली सोय सापडायला जवळपास शतक लागलं. जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवलं की टी पेशींमध्येच एक गट असा असतो जो दुसऱ्या टी पेशींना थांबवतो. तो काढून टाकला की उंदराचं शरीर स्वतःच्याच ग्रंथींवर, पोटावर, सांध्यांवर तुटून पडतं. मेरी ब्रुन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये यामागचं जनुक शोधलं, फॉक्सपी३. ते जन्मतःच बिघडलेल्या मुलग्यांना तान्हेपणीच मधुमेह, न थांबणारे जुलाब, कातडीचा दाह असं सगळं एकदम होतं. त्यांची प्रतिकारशक्ती भरपूर असते, तिला थांबवणारं कोणी नसतं. या तिघांना २०२५ चं नोबेल मिळालं. त्याआधी २०१८ साली अॅलिसन आणि होंजो यांना मिळालं ते टी पेशींवरचे अटकाव काढून कर्करोगावर सोडण्याची युक्ती दाखवल्याबद्दल. ती औषधं कित्येकांना जीवदान देतात, आणि त्याच औषधांनी काहींच्या आतड्याला, थायरॉईडला, यकृताला सूज येते. अटकाव काढला की पेशी फक्त कर्करोगावरच जातील, अशी हमी ती औषधं देत नाहीत.

करोनातही तेच दिसलं. अत्यवस्थ रुग्णांत दुसऱ्या आठवड्यात फुप्फुसं भरत होती ती बऱ्याच अंशी प्रतिकाराच्या अतिरेकाने. २०२० च्या जूनमध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीने दाखवलं की डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टेरॉईड कृत्रिम श्वासावर असलेल्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटवतं. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना मात्र त्याचा फायदा दिसला नाही. पुढच्याच वर्षी आपल्याकडे तेच औषध गरज नसताना, जास्त दिवस, साखर न तपासता दिलं गेलं, आणि काळ्या बुरशीने लोकांचे डोळे आणि जबडे नेले. म्हणजे आवरणंही आंधळेपणाने केलं तर जीव घेतं. माझं म्हणणं प्रतिकार दाबावा असं नाहीच. कुठला, कुठे, कधी आणि कितपत, हे विचारल्याशिवाय वाढवणं आणि दाबणं दोन्ही सारखंच धोक्याचं.

४. परळहून खारघरला

आता रायगडातलं उदाहरण, आणि त्यासाठी थोडा इतिहास.

परळला १९५२ साली इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झालं. संचालक होते वसंत रामजी खानोलकर. भारतातल्या विकृतिशास्त्राचा पाया घालणारा हा माणूस कर्करोगाइतकाच कुष्ठरोगाच्या नसांमध्ये रमलेला होता. त्यामुळे कर्करोगाच्या संस्थेत कुष्ठरोगाची प्रयोगशाळा असणं कोणाला खटकलं नाही. तिथे १९५८ मध्ये बापट, पुण्याच्या कमल रणदिवे आणि खानोलकर यांनी गाठींच्या कुष्ठरोग्याच्या ऊतीतून एक जंतू प्रयोगशाळेत वाढवला. कुष्ठरोगाचा खरा जंतू काचेच्या नळीत वाढतच नाही, तेव्हा हा त्याच्या गोतावळ्यातलाच कोणी दुसरा. पण त्याच्यापासून पुढे माधव देव यांनी लस केली. दक्षिण भारतात लाखाहून जास्त लोकांवर चार लसींची तुलना झाली आणि १९९८ मध्ये निष्कर्ष आले. बीसीजीने सुमारे ३४ टक्के संरक्षण दिलं होतं, परळच्या लसीने ६५ टक्क्यांहून थोडं जास्त. तोवर तीन औषधांच्या एकत्रित उपचाराने रुग्णसंख्या झपाट्याने खाली आणली होती, त्यामुळे लस मागे पडली.  

या आकड्यांत माझ्या मुद्द्याचं काय आहे? चारही लसींनी प्रतिकार चेतवला. तरी एकीने तिसरा हिस्सा वाचवला आणि दुसरीने दोन तृतीयांश. कारण पेशींना दाखवलेला चेहरा वेगळा होता. फरक पडला तो ओळखीमुळे.

हीच संस्था २००२ साली परळ सोडून खारघरला आली. आज ती टाटा स्मारक केंद्राची अॅक्ट्रेक म्हणून ओळखली जाते आणि कागदोपत्री आपल्याच जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात येते. ४ जून २०२१ रोजी तिथल्या अस्थिमज्जा प्रत्यारोपण कक्षात भारतातला पहिला कार-टी पेशींचा उपचार झाला. आयआयटी मुंबईत राहुल पुरवार यांच्या गटाने या पेशी घडवल्या होत्या, टाटाच्या डॉक्टरांनी चाचण्या केल्या. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये परवानगी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत तो अधिकृतपणे सुरू झाला. परदेशात या उपचाराला तीन-चार कोटी रुपये पडतात, इथे त्याच्या सुमारे दहाव्या हिश्श्यात होतो. तोही खर्च रायगडच्या सामान्य घराला झेपणारा नाही, पण ती वेगळी तक्रार.

उपचार असा. रुग्णाच्या रक्तातून टी पेशी वेगळ्या काढायच्या. एका निकामी केलेल्या विषाणूच्या पाठीवरून त्यांच्यात नवीन जनुक घालायचं, म्हणजे त्यांना सीडी१९ नावाची खूण ओळखता येते. ही खूण बी पेशींवर, म्हणजे ज्यांच्यातून प्रतिपिंडं बनतात त्या पेशींवर, असते आणि काही रक्तकर्करोग बी पेशींचेच असतात. मग या पेशी वाढवून रुग्णाला परत द्यायच्या. त्या कर्करोगाच्या पेशी मारतात, आणि चांगल्या बी पेशीही मारतात, कारण खूण दोन्हींवर आहे. हल्ला सुरू झाला की ताप चढतो, रक्तदाब घसरू शकतो. म्हणून त्या वादळाला आवरणारं टोसिलिझुमॅब आणि स्टेरॉईड वॉर्डात हाताशी ठेवावं लागतं. बी पेशी गेल्यामुळे प्रतिपिंडं बनत नाहीत, ती काही रुग्णांना पुढे बाहेरून द्यावी लागतात. प्रतिकार मुद्दाम, जाणूनबुजून वाढवण्याचं आजचं सर्वांत धारदार हत्यार हे असं आहे. निशाणा एक, उतारा शेजारी, आणि किंमत आधी मोजलेली.

आता खरी गंमत. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये याच जातीच्या पेशी ल्युपसच्या पाच रुग्णांना दिल्या. ल्युपस म्हणजे शरीर स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकांवर प्रतिपिंडं सोडतं तो आजार. त्याने मूत्रपिंडं जातात, तरुण बायकांना तो जास्त होतो. ही प्रतिपिंडं बनतात बी पेशींतून. कार-टी पेशींनी बी पेशी साफ केल्या आणि पाचही जणांचा आजार शांत झाला. तीच पेशी कर्करोगात प्रतिकार वाढवते आणि ल्युपसमध्ये प्रतिकार उतरवते. कमी-जास्तच्या मोजपट्टीवर हा उपचार कुठे ठेवायचा, ते त्या मोजपट्टीच्या पुरस्कर्त्यांनी सांगावं.

५. आक्षेप आणि त्यांची उत्तरं

पहिला आक्षेप वजनदार आहे: उपाशी माणसाची प्रतिकारशक्ती कमी असतेच ना? कर्जत-खालापूरच्या कातकरी वाड्यांवरच्या कुपोषित पोराला गोवर, न्यूमोनिया जास्त छळतो, हे कोण नाकारेल? नाकारत नाहीच. उलट याचा सर्वांत चांगला पुरावा भारतातलाच आहे. झारखंडमध्ये क्षयरोग्यांच्या घरच्या १०,३४५ माणसांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. एका गटातल्या घरच्यांना दरमहा तांदूळ, तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या मिळाल्या. त्यांच्यात क्षयरोगाचे नवे रुग्ण ३९ टक्क्यांनी कमी निघाले. एवढा परिणाम दाखवणारी बाटली मला बाजारात दाखवा. पण इथे अन्नाने उणीव भरून काढली. प्रथिनं, लोह, झिंक यांच्याविना टी पेशी बनतच नाहीत, ती अडचण दूर झाली. ज्याच्या ताटात रोज भात, आमटी, मासळी आहे त्याने वरून झिंकच्या गोळ्या खाल्ल्याने त्याच्या पेशी जास्त हुशार होत नाहीत. ज्यांना खरंच गरज आहे ते वाडीवर आहेत आणि बाटल्या विकल्या जातात पेठेत.

जन्मजात कमतरतेचे आजारही असतात. काही मुलांमध्ये बी पेशी तयारच होत नाहीत, काहींत टी पेशीही नाहीत. त्यांना प्रतिपिंडं द्यावी लागतात किंवा अस्थिमज्जा बदलावी लागते, आणि त्याआधी कुठली पेशी कमी आहे ते मोजावं लागतं. परळच्या केईएमच्या आवारातली राष्ट्रीय रोगप्रतिकार-रक्तशास्त्र संस्था ही निदानं करते. म्हणजे खरी कमतरताही नाव-गाव घेऊन येते, सरसकट येत नाही.

दुसरा आक्षेप: लस प्रतिकारशक्ती वाढवते, मग वाढवणं वाईट कसं? लस एका विशिष्ट जंतूची ओळख करून देते, सरसकट काही वाढवत नाही. आणि अर्धवट ओळख घातकही ठरते. डेंगीचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराने आजारी पडलेल्या माणसाची प्रतिपिंडं दुसऱ्या प्रकाराला नीट निकामी करू शकत नाहीत, पण त्याला चिकटतात, आणि चिकटलेला विषाणू मॅक्रोफेजमध्ये जास्त सहज शिरतो. म्हणून दुसऱ्यांदा झालेला डेंगी बऱ्याचदा जास्त जिवावर बेततो. फिलिपाइन्समध्ये २०१६ साली शाळकरी मुलांना दिलेल्या डेंगीच्या लसीबाबत हेच पुढे आलं. ज्यांना आधी डेंगी झालेला नव्हता त्यांच्यात नंतरचा आजार गंभीर होण्याचा धोका वाढला, आणि २०१७ च्या अखेरीस ती मोहीम थांबवावी लागली. हे लसींविरुद्ध बोलणं नव्हे. लसी लाखो जीव वाचवतात, कारण त्या करणारे लोक ‘प्रतिकार किती’ एवढ्यावर न थांबता ‘कशाविरुद्ध, कुठल्या पेशीचा’ असंही विचारतात.

तिसरा आक्षेप भावनेचा आहे: आजीबाईचा काढा कधी कोणाचं वाईट करतो का? आलं, तुळस, गवती चहा घालून घसा शेकायला माझी ना नाही, पावसात मीही घेतो. पण २०२० च्या शेवटच्या चार महिन्यांत मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे कावीळ झालेले सहा रुग्ण आले. त्यांच्यात समान धागा गुळवेलीचा होता आणि यकृताच्या तुकड्यात स्वतःवर उलटलेल्या प्रतिकाराची लक्षणं दिसत होती. पुढे देशातल्या १३ केंद्रांनी अशा ४३ रुग्णांची नोंद केली. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष फेटाळला. वनस्पती नीट ओळखली नसावी, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात वापरली गेली असावी, असा त्यांचा मुद्दा. तो मी गंभीरपणे घेतो. पण मग आंगणातल्या कुंपणावरून वेल तोडून घेणाऱ्याने जात ओळखायची कशी? आणि गुळवेल खरोखरच प्रतिकार चेतवत असेल, तर ज्याचा प्रतिकार आधीच स्वतःकडे वळलेला आहे त्याच्यात ती काय चेतवेल? आयुर्वेदाचा जाणता वैद्यही प्रकृती पाहिल्याशिवाय औषध देत नाही. सरसकट सगळ्यांना एकच वेल, ही करोनाकाळातल्या बाजाराची रीत झाली.

६. ‘लोकांना एवढं कळणार नाही’

हा शेवटचा आक्षेप डॉक्टरमंडळींकडून येतो. टी पेशी, बी पेशी, रिअॅक्शन हे सामान्य माणसाच्या डोक्यावरून जाईल, त्यापेक्षा प्रतिकारशक्ती वाढवा म्हणून सांगावं, निदान तो नीट खाईल-पिईल तरी. मला हा आक्षेप सर्वांत जास्त खटकतो, आणि त्याचं उत्तर अलिबाग तालुक्यातलंच आहे.

मांडवा म्हटलं की आता जेट्टी, रो-रो आणि मुंबईकरांचे बंगले. १९७० च्या दशकात अंटिया यांनी फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थतर्फे याच पट्ट्यात एक प्रयोग केला. गावातल्याच, बेताचं शिकलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. सरकारने आशा सेविका नेमल्या त्याच्या तीसेक वर्षं आधीची ही गोष्ट. एकीकडे वरळीच्या प्रयोगशाळेत श्वान पेशी आणि दुसरीकडे मांडव्याच्या ओट्यावर बायकांचं शिक्षण, दोन्ही एकाच माणसाने उभं केलं, आणि त्यात त्याला काही विसंगत वाटलं नाही.

कुष्ठरोगाच्या नसेची तपासणी ओट्यावर बसून होते. डोळे मिटायला सांगून बॉलपेनच्या टोकाने तळहाताला हलकेच स्पर्श करायचा आणि कुठे लागलं ते बोटाने दाखवायला सांगायचं. बोटं सरळ ठेवून दोन बोटांमध्ये पोस्टकार्ड धरायला द्यायचं आणि ओढायचं; धरवलं नाही तर नस दुबळी होते आहे. कोपरामागे हलकेच दाबायचं. दोन्ही बाजूंची नस सारखी आहे का, दुखते का. डोळे घट्ट मिटतात का पाहायचं. पाच मिनिटांचं काम. गेल्या महिन्यात धरवत होतं आणि या महिन्यात धरवत नाही, एवढं टिपणाऱ्या बाईला प्रतिकारयंत्रणेचं जे कळलं आहे ते काढ्याची बाटली घेणाऱ्या पदवीधराला कळलेलं नसतं.

भारताने २००५ च्या अखेरीस कुष्ठरोग राष्ट्रीय पातळीवर दहा हजारांत एकाच्या खाली आणल्याचं जाहीर केलं. त्यानंतर लोकांनी आणि यंत्रणेनेही त्याकडे पाठ फिरवली. नवे रुग्ण मात्र देशात आजही वर्षाला लाखाच्या आसपास सापडतात, जगातल्या निम्म्याहून अधिक. पाकिटं फुकट मिळतात आणि जंतू त्यांनी मरतात. हात वाचतो की नाही ते ठरतं दर महिन्याला पाकीट देताना कोणी कार्डाची तपासणी करतं का, आणि नस दुबळी दिसली तर त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रेडनिसोलोन सुरू होतं का यावर. नस वाचवायला मिळणारी मुदत महिन्यांत मोजायची असते. ती टळल्यावर उरते ती शस्त्रक्रिया, आणि बधीर तळवा शेवटपर्यंत सांभाळणं.